दोन दिवसांचा प्रश्न

सर आमच्या ऑफिसात कामाला लागले, त्या पहिल्याच दिवशी त्यांनी मला सगळ्यांसमोर ‘मॅडम’ म्हटलं. ज्या माणसानं मला कीबोर्डवर बोटं कशी ठेवायची ते शिकवलं, त्याच्या तोंडून ते ऐकवेना. दुपारी डबे उघडले तेव्हा मी त्यांना बाजूला घेऊन म्हटलं, "सर, मले नावानंच हाक मारा. आधी मारत होते तशीच."

"बाहेर मारीन ना," सर म्हणाले. "इथं तू मोठी आहे. बाकीच्या पोराईले काय वाटन?"

साकोलीत बस स्टँडच्या मागच्या रस्त्यावर सरांची कॉम्प्युटर इन्स्टिट्यूट होती. मी दहावीच्या सुट्टीत तिथं टायपिंग शिकायला गेले आणि बारावी होईपर्यंत जात राहिले. दारात चपला काढायच्या, हात धुवायचे, मग आत जायचं. प्रत्येक कॉम्प्युटरवर सरांच्या बायकोनं शिवलेलं फुलाफुलांचं कापडी कव्हर असे. जो आधी येईल तो पुढच्या खुर्चीवर बसे. कोण कुठल्या मोहल्ल्यातला, कोणाचा बाप काय करतो, हे सर विचारत नसत आणि दुसऱ्यालाही विचारू देत नसत. क्लास सुटायची वेळ फळ्यावर लिहिलेली होती, पण ती नावालाच. ज्याला समजलं नाही त्याच्याजवळ सर बसून राहत. माझा पहिला प्रोग्रॅम चालेना, तेव्हा बाकी सगळे घरी गेले तरी ते माझ्या शेजारी स्टूल ओढून बसले होते. प्रोग्रॅम चालला तेव्हा त्यांनी मला तो पुन्हा लिहायला लावला, कारण ओळी वाकड्यातिकड्या होत्या. "उद्या दुसऱ्यानं वाचला तं त्याले समजला पाहिजे," ते म्हणाले.

पुढे मी नागपुरात शिकले, पुण्यात नोकरी केली आणि काही वर्षांपूर्वी परत आले. पुण्याच्या कंपनीतला माझा एक सहकारी मूळचा भंडाऱ्याचा. आम्ही दोघांनी मिळून साकोलीत, हायवेला लागून असलेल्या एका मेडिकल स्टोअरच्या वरच्या मजल्यावर छोटंसं ऑफिस टाकलं. राइस मिल, बियाण्यांची दुकानं, शीतगृहं यांच्यासाठी आम्ही सॉफ्टवेअर करतो. तोवर सरांची इन्स्टिट्यूट हळूहळू बंद पडली होती. पोरं मोबाइलवरच सगळं शिकायला लागली, टायपिंग कोणालाच नको झालं. एके दिवशी सर जिना चढून वर आले, समोरच्या खुर्चीत बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "मले काम देशील काय? वाटल्यास परीक्षा घे."

मला परीक्षा घेववली नाही. भागीदारानं घेतली. त्याला सरांच्या वयाची जरा धास्ती होती, पण तासाभरानं तो बाहेर येऊन म्हणाला, "तुमच्या सरांचा कोड पाहून मले माझीच लाज वाटली." सर दुसऱ्या दिवसापासून येऊ लागले.

एका गोष्टीवर मात्र त्यांचं आणि आमचं जमेना. आमच्या धंद्यात स्पाइक नावाची एक पद्धत आहे. एखादी कल्पना सुचते, पण ती जमेल की नाही हे कोणालाच ठाऊक नसतं. ती बांधायलाच घेतली तर कित्येक महिने जातात आणि शेवटी कळतं की जमण्यासारखं ते नव्हतंच. म्हणून आधी एक प्रश्न लिहायचा. त्या प्रश्नाला ठरलेला वेळ द्यायचा, अर्धा दिवस, एक दिवस, फार तर दोन. तेवढ्या वेळात सुचेल तसा ओबडधोबड कोड लिहून उत्तर शोधायचं आणि वेळ संपला की थांबायचं. उत्तर ‘हो’ आलं तर काम नव्यानं, नीट सुरू करायचं. ‘नाही’ आलं तरी ते उत्तरच असतं. दोन्ही वेळी तो कोड मात्र फेकून द्यायचा.

"फेकूनच द्यायचा तं लिहायचा कायले?" सरांनी विचारलं होतं. मी समजावलं, त्यांनी मान हलवली, पण त्यांना पटलं नव्हतं हे दिसत होतं.

त्यांचा पहिला स्पाइक वजनकाट्याचा होता. ट्रक काट्यावर उभा राहिला की वजनाचा आकडा थेट आमच्या सॉफ्टवेअरमध्ये येईल का, एवढंच पाहायचं होतं. अर्धा दिवस दिला होता. सायंकाळी मी त्यांच्या टेबलाजवळ गेले, तर स्क्रीनवर इतका सुबक कोड होता की प्रिंट काढून भिंतीवर लावावा. प्रत्येक गोष्टीला अर्थ कळेल असं नाव, प्रत्येक भागावर टीप.

"सर, काट्याचा आकडा आला काय?"

"तिथपर्यंत अजून नाही पोचलो. पण पाया पक्का झाला."

मला म्हणावं लागलं, "सर, वेळ संपला." सरांनी चष्मा काढला आणि रुमालानं बराच वेळ पुसत बसले. घरी जाताना मला चैन पडेना. ज्यांनी माझ्यासाठी कधी घड्याळ पाहिलं नाही, त्यांना मी घड्याळ दाखवलं होतं.

मग धानाचा हंगाम आला. दिघोरीच्या एका राइस मिलमध्ये आम्ही बिलाचं सॉफ्टवेअर बसवायला गेलो. मिलचा मालक सरांचाच जुना विद्यार्थी. तिथं एक माणूस ताटात मूठभर तांदूळ घेऊन बोटानं दाणे वेगळे करत बसला होता. अख्खा दाणा एकीकडे, तुटलेला दुसरीकडे. तुटलेल्याला मिलवाले तुकडा म्हणतात आणि तुकडा किती आहे यावर मालाची प्रत ठरते. सर त्या माणसाजवळ खूप वेळ उभे राहिले. परतताना साकोली जवळ आली तेव्हा गाडीत म्हणाले, "फोननं फोटो काढला आन् फोननंच सांगितलं का यात तुकडा किती आहे, तं?"

नंतर कळलं की ते त्याच्या आधीपासून, घरी बसून, फोटोतल्या वस्तू ओळखणाऱ्या प्रोग्रॅमबद्दल वाचत होते. कुणाला बोलले नव्हते. आता मात्र त्यांच्या चेहऱ्यावर मी क्लासच्या दिवसांनंतर न पाहिलेलं काहीतरी होतं. भागीदार म्हणाला, "सर, दोन दिवसांचा स्पाइक घेऊ." माझी त्यांच्याबरोबर जोडी लागली.

प्रश्न सरांनी स्वतः बोर्डवर लिहिला, त्यांच्या त्या मोत्यासारख्या अक्षरात: ‘फोटोवरून तांदळातल्या तुकड्याचं प्रमाण सांगता येईल काय?’ मी म्हटलं, "सर, कुठं आणि कोणाच्या फोनवर, तेही लिहू." थोडी घासाघीस झाली. शेवटी प्रश्न असा झाला: ‘मिलमध्ये, मिलमधल्याच माणसाच्या फोनवर, पोत्यातून काढलेल्या तांदळाचा फोटो घेऊन तुकड्याचं प्रमाण भरवशानं सांगता येईल काय?’ सर म्हणाले, "लांबलचक झाला." मी बोर्डचा फोटो काढून ठेवला.

पहिला दिवस फार छान गेला. स्टेशनरीच्या दुकानातून काळा कार्डशीट आणला, त्यावर तांदळाचे दाणे एकेक करून सुटे मांडले आणि फोटो काढत गेलो. गंमत म्हणजे सर या वेळी खरंच घाईघाईनं, वेडंवाकडं लिहीत होते. मध्येच हसले आणि म्हणाले, "हे कोणी मले क्लासात दाखवलं असतं, तं झिरो दिला असता." दुपारून आलुबोंडे मागवले, तेही त्यांनी एका हातानंच खाल्ले. सायंकाळपर्यंत स्क्रीनवर अख्ख्या दाण्यांभोवती हिरवी रेघ आणि तुटलेल्यांभोवती लाल रेघ येऊ लागली. आम्ही हातानं मोजून पाहिलं, जवळजवळ बरोबर होतं. सरांनी तिथूनच बायकोला फोन लावला. "जमलं वाटते," ते म्हणाले. तिकडून काहीतरी विचारलं गेलं. "अवो, तांदूळ मोजून राहिला फोन," ते म्हणाले, आणि माझ्याकडे पाहून जरासे लाजले.

दुसऱ्या दिवशी आम्ही दिघोरीला गेलो. मिल जोरात चालू होती. भुसा हवेत उडत होता, मशीनच्या पट्ट्यांच्या धडधडीत एकमेकांचं बोलणं ऐकू येत नव्हतं. मालकानं सरांच्या पाया पडून खुर्च्या मागवल्या. सरांना खुर्ची नको होती. त्यांनी ताटातले दाणे निवडणाऱ्या माणसाचा फोन मागितला. त्याच्या काचेला तडे होते आणि कॅमेऱ्यावर भुशाचा थर. सरांनी तो रुमालानं पुसला, आमचं ॲप टाकलं आणि फोटो काढला.

स्टीलच्या ताटात तांदळाचा ढीग होता. ॲपला तो ढीग म्हणजे एकच मोठा दाणा वाटला. सरांनी हातानं तांदूळ पसरला. आता दाणे दिसू लागले, पण स्टीलवरची चमक आणि तांदळाची चमक एकत्र झाली. ट्यूबलाइटखालून ताट उचलून आम्ही फाटकाजवळ उन्हात नेलं. उन्हात प्रत्येक दाण्याला सावली आली आणि फोन सावल्याही मोजू लागला. मग सरांनी ताटावर छत्री धरली. मग काळा कार्डशीट काढून त्यावर दाणे एकेक करून मांडले, तेव्हा उत्तर बरोबर आलं. पण तेवढ्या वेळात त्या माणसानं बोटानं दोन ताटं निवडली असती. शेवटी आम्ही तेच ताट जागचं न हलवता लागोपाठ फोटो काढून पाहिले. दर वेळी वेगळं उत्तर आलं.

मालक बराच वेळ आमच्याजवळ उभा होता. मग ट्रक आला म्हणून गेला. सर थांबले नाहीत. कॅमेरा थोडा वर, थोडा खाली, फ्लॅश लावून, फ्लॅश बंद करून. दुपार सरली. माझं लक्ष घड्याळाकडे होतं आणि मी पाहतेय हे त्यांना कळू नये म्हणून मी ते फोनवर पाहत होते.

"मॅडम," सर म्हणाले, "एक दिवस आणखी द्या. मी एक पेटी बनवतो. आत काळा कागद, वरून लाइट, फोन ठेवायले खाच. मंग सावली नाही, चमक नाही."

कल्पना चांगली होती. त्यांच्या कपाळावर भुसा बसला होता आणि आवाज मोठा करून करून घसा बसला होता. एक दिवस दिला असता तर कोणी मला काही विचारणार नव्हतं. भागीदारानंही हसून सोडून दिलं असतं. पण पेटीनंतर पेटीचं झाकण आलं असतं, झाकणानंतर दुसरा लाइट. पुण्यात असताना मी असे कित्येक ‘एक दिवस’ पाहिले होते, कधी दुसऱ्याचे, कधी माझे स्वतःचे.

"सर, पेटी हा दुसरा प्रश्न आहे," मी म्हटलं. "तो वाटल्यास नंतर घेऊ. हा प्रश्न एकदा वाचता काय?"

मी फोनवर बोर्डचा फोटो उघडून त्यांच्या हातात दिला. सरांनी चष्मा वर ढकलून आपलंच अक्षर वाचलं. ‘मिलमध्ये’ या शब्दाजवळ थांबले, मग पुढे गेले. मिलच्या धडधडीत त्यांनी काय म्हटलं ते मला ऐकू आलं नाही. मी जवळ गेले.

"नाही," ते म्हणाले. "उत्तर ‘नाही’ आहे."

मालकाला सांगायला मी जाणार होते. त्यांनी मला थांबवलं आणि स्वतः गेले. "बाबू, हे इथं नाही जमत," त्यांनी सांगितलं. मालक म्हणाला, "काही हरकत नाही सर. तुम्ही येऊन पाहून तं घेतलं." मग त्यानं सगळ्यांसाठी चहा आणला आणि आम्ही तो फाटकाबाहेर, आवाज कमी होता तिथं, उभ्यानंच प्यायलो.

परतीच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना कापणी झालेल्या बांध्या, म्हणजे धानाची शेतं, आणि त्यांत रचून ठेवलेले धानाचे पुंजणे होते. मी गाडी चालवत होते. सर काचेबाहेर पाहत होते. मला वाटलं, ते नाराज आहेत. मग ते बोलले, आणि ते मला ‘मॅडम’ म्हणाले नाहीत.

"बेटा, माह्या इन्स्टिट्यूटचा प्रश्न मी कधी लिहिलाच नाही."

मी गाडी जरा हळू केली.

"दर साली म्हणत गेलो, या उन्हाळ्यात पोरं येतीन. नाही आली, तं म्हटलं नवा कोर्स आणू. मंग म्हटलं पंखे बदलू, रंग लावू. एकेक उन्हाळा वाढवत गेलो. पोरं येतीन काय, हेच विचारायचं होतं. ते सोडून बाकी सारं केलं."

"कोणी म्हटलं नाही काय सर, का आता पुरे म्हणून?"

"बायको म्हणे. तिले म्हणो, तुले यातलं समजत नाही." ते थोडं हसले. "तिले समजत होतं."

रस्त्यावर एक बैलबंडी पुढे चालली होती. तिच्या मागे मी बराच वेळ राहिले, ओलांडली नाही.

"पण सर," मी म्हटलं, "तुम्ही तेव्हा माझ्याजवळ बसून राहिले म्हणून मी शिकली. वेळ संपला म्हणून उठले असते तं मी आज इथं नसती."

सरांनी विचार केला. उत्तर द्यायला त्यांना नेहमीच वेळ लागतो, क्लासातही लागायचा.

"ते माणसाचं झालं," ते म्हणाले. "माणसाले वेळ मोजून नाही देता येत. कल्पनेले द्यावा लागते. मी दोन्हीले सारखाच देत होतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात सगळ्यांसमोर निकाल सांगायचा होता. सर उभे राहिले. काय करून पाहिलं, कुठं जमलं, कुठं फसलं ते त्यांनी एखादा धडा शिकवावा तसं सांगितलं. मिलमधल्या धुळीला किंवा त्या फुटक्या काचेच्या फोनला त्यांनी दोष दिला नाही. भागीदारानं विचारलं, "पेटी करून पाहायची काय सर?" सर म्हणाले, "मिलवाल्याले आधी विचारा, त्याले पेटी पाहिजे काय. त्याले नको असन तं मले बनवायची नाही." मग कोड पुसायची वेळ आली. ते म्हणाले, मीच पुसतो. त्यांनी कीबोर्डवर हात ठेवले. "यात दोन-चार ओळी चांगल्या होत्या," ते म्हणाले आणि पुसून टाकला. आम्ही हसलो, तेही हसले.

मालकाला पेटी नको होती. विषय तिथं संपला.

पण सरांच्या मनात दुसरंच सुरू झालं होतं. काही दिवसांनी त्यांनी दोन दिवस दुपारची सुट्टी मागितली. इन्स्टिट्यूटचे सगळे कॉम्प्युटर त्यांच्या घरी, पुढच्या खोलीत, कव्हरांसकट एकावर एक रचून ठेवलेले होते. पुन्हा कधीतरी सुरू करू म्हणून. त्या खोलीत बसायलाही जागा नव्हती. सर म्हणाले, "माह्या गावी, कोंढ्याले, विहारात एक कॉम्प्युटर घेऊन बसतो. दोन दुपारी. शिकायले कोणी येते काय, एवढंच पाहतो."

"आणि नाही आलं तं?" मी विचारलं.

"तं खोली मोकळी."

ते गेले, बसले आणि परत आल्यावर मला सगळं सांगितलं. पोरं आली, जुना कॉम्प्युटर पाहून हसली, थोडा वेळ खेळली, गेली. शिकायला कोणी आलं नाही. दुसऱ्या दुपारीही नाही. फक्त पहिल्या दुपारी शेजारची एक म्हातारी बाई फोन घेऊन आली होती. तिचा मुलगा दूर हैदराबादला कामाला आहे. तो व्हिडिओ कॉल करतो, पण ती फोन कानाला लावते, म्हणून त्याला आईचा कानच दिसतो. सरांनी तिला फोन समोर कसा धरायचा ते दाखवलं. दुसऱ्या दिवशी ती आणखी दोघींना घेऊन आली.

भागीदारानं हे ऐकलं आणि तो खुर्चीतून पुढे झाला. "सर, याचा क्लास काढा. म्हाताऱ्या बायांसाठी. चालन."

"नाही," सर म्हणाले. "तेही मी विचारून पाहिलं. क्लास म्हटलं का त्या नाही येत. लाजतात. गावचा पोरगा घरी आला, त्याले विचारलं, एवढंच आहे ते. त्याले बोर्ड लावायचा नसते."

त्या आठवड्यात जुनं सामान घेणारा आला आणि कॉम्प्युटर घेऊन गेला. सर दारात उभे होते, त्यांच्या बायकोनं मला सांगितलं, पण आत गेले नाहीत आणि मागेही धावले नाहीत. कव्हरं मात्र त्यांनी ठेवून घेतली. सरांच्या बायकोनं खोली धुवून काढली, खिडकीजवळ शिलाई मशीन ठेवली आणि मला चहाला बोलावलं. फरशीवर टेबलांच्या पायांच्या खुणा होत्या. त्या म्हणाल्या, "इतका उजेड येते इथं, मले माहीतच नव्हतं."

मागच्या महिन्यात मी आणि सर कामासाठी पवनीला गेलो होतो. परत येताना त्यांनी कोंढ्याला गाडी वळवायला सांगितली. विहाराच्या पायरीवर ती बाई बसली होती. आम्हाला पाहून तिनं ‘जय भीम’ केला आणि लगेच फोन पुढे धरला, मुलगा आधीच लाइनवर होता. तिनं त्याला सरांना दाखवलं, मला दाखवलं, माझी गाडी दाखवली. मग उठून, फोन दोन्ही हातांनी छातीशी धरून, ती त्याला गाव दाखवायला निघाली. बोअरवेल, नवीन झालेली गल्ली, तारेवर वाळत घातलेली सुनेची साडी, शेजाऱ्याची बकरी. फोन इकडून तिकडे गर्रकन फिरत होता. आतून मुलाचा आवाज येत होता, पण काय म्हणतोय ते कळत नव्हतं.

सर हात मागे बांधून तिच्यामागे चालत होते.

"हळू फिरवा बाई," ते म्हणाले. "त्याले तिकडं चक्कर येऊन राहिली असन."